पांजरपोळ आणि बिनतारी चित्रयंत्रणा

व्यापारी वर्गाने पांजरपोळी चालवाव्यात ही आपल्या समाजाची जुनी रीत आहे. मुंबईची पांजरपोळ १८३४ साली सर जमशेटजी जिजीभाई आणि शेठ मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने स्थापन झाली. गावोगावच्या पेठांतही मालाच्या व्यवहारावर धर्मादाय काढून मुक्या जनावरांच्या दाणापाण्याची तरतूद होत आली आहे. परंतु पैसा पेठेत आणि जनावर गावाबाहेर, ही अडचणही तितकीच जुनी होय. विश्वस्त मंडळी महिन्यातून एकदा जातात. त्या दिवशी गव्हाणी भरलेल्या आणि हौद धुतलेले असतात. उरलेल्या दिवशी, विशेषतः रात्री, तेथे काय घडते ते कळण्यास मार्ग नसतो. वानगी चांगली निघाली म्हणून सारी थप्पी चांगली, असे कोणताही धान्यव्यापारी मानीत नाही. मग जनावरांच्या बाबतीत तरी एका दिवसाच्या वानगीवर विश्वास का ठेवावा?

या अडचणीवर आता बिनतारी कॅमेऱ्यांचा उपाय उपलब्ध झाला आहे. आपल्या सीमाभागातील अनेक संस्थांत त्याचा विचार चालू असल्यामुळे, तो करताना काय काय पाहावे, हे आम्ही येथे मांडीत आहोत.

प्रथम प्रश्न कॅमेरा कोणता हा नसून, कॅमेऱ्याने काय पाहावे हा आहे. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. जनावर बांधून ठेवणे, मारणे, त्याचे अवयव छेदणे, अतिभार लादणे, यांच्या जोडीने अन्नपाणी अडविणे हाही अतिचारच सांगितला आहे. म्हणून पहिला कॅमेरा प्रवेशद्वारावर नव्हे, तर पाण्याच्या हौदावर आणि गव्हाणीवर लावावा. मोठ्या गाईस दिवसाला साधारण ३० ते ५० लिटर पाणी लागते. उन्हाळ्यात त्याहून अधिक. हौद रिकामा आहे की भरलेला, एवढे जरी रोज दिसले तरी यंत्राचे निम्मे मोल वसूल झाले.

दुसरा कॅमेरा आजारी व गाभण जनावरांच्या गोठ्यात असावा. पाणमोट दिसू लागल्यावर गाय सामान्यतः दोन तासांच्या आत विते. तेवढ्या वेळात प्रगती न दिसल्यास पशुवैद्यास बोलाविणे आवश्यक असते. डावी भकाळी फुगलेली दिसणे हे पोटफुगीचे लक्षण होय. जे जनावर उठू शकत नाही, त्याची कूस दर काही तासांनी बदलावी लागते, नाहीतर खालचा पाय व स्नायू निकामी होतात. या सर्व गोष्टी रात्रीच्या चित्रात दिसू शकतात. मात्र अंधारात हे कॅमेरे डोळ्यांस न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशावर चालतात आणि चित्र काळेपांढरे येते. त्यामुळे रक्त आणि पाणी यांतील भेद त्यात कळत नाही. गाभण गाईच्या गोठ्यात एक मंद दिवा ठेवणे म्हणूनच इष्ट.

आता बिनतारी मार्गाविषयी. घरातील वायफाय काही खोल्यांपुरते पुरते. पत्र्याच्या भिंती आणि छप्पर त्याच्या लहरी परतवून लावतात. कचेरी आणि गोठा यांत दोनतीनशे मीटर किंवा अर्धा किलोमीटर अंतर असल्यास, दोन्ही टोकांस खांब उभारून समोरासमोर तोंड असलेले दोन अँटेना बसवावे लागतात. त्यांसाठी बहुधा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरतात. त्यातील बराच भाग केंद्र सरकारने २०१८ साली परवानामुक्त केला असल्याने स्वतंत्र परवाना काढावा लागत नाही. गोठ्यातल्या गोठ्यात मात्र तारच टाकावी. एकाच तारेतून चित्र आणि वीज दोन्ही नेता येतात. अशी तार १०० मीटरपेक्षा लांब असू नये.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. एका अँटेनाजवळून दुसरा नुसता दिसला म्हणजे झाले, असे नाही. लहरींचा मार्ग मध्यभागी फुगलेला असतो. अर्ध्या किलोमीटरच्या अंतरास ही फुगवटी मध्यावर सुमारे अडीच मीटर त्रिज्येची होते आणि तिचा बराचसा भाग मोकळा असावा लागतो. आपल्या भागात गोठा आणि कचेरी यांच्यामध्ये पुष्कळदा उसाचे शेत असते. वैशाखात मोकळ्या रानावरून उत्तम चालणारी यंत्रणा, ऊस तीनचार मीटर वाढला आणि पावसाने त्याची पाने भिजली की अडखळू लागते, कारण पाणी या लहरी शोषून घेते. तेव्हा खांबाची उंची आजचे रान पाहून नव्हे, तर उभ्या उसाचा हिशोब करून ठरवावी. सुमारे सहा मीटर उंची ठेवणे योग्य.

चित्रांच्या साठवणुकीचा हिशोबही वहीवर मांडून पाहावा. एक कॅमेरा सेकंदास २ मेगाबिट या वेगाने चित्र पाठवीत असल्यास तासाला सुमारे ०.९ गिगाबाइट, म्हणजे दिवसाला साडेएकवीस गिगाबाइटच्या वर माहिती जमते. चार कॅमेरे धरल्यास एक टेराबाइटची हार्ड डिस्क अकरा दिवसांत भरते आणि मग जुने पुसून नवे लिहिले जाते. एवढा ऐवज मोबाईलच्या सिमकार्डावरून चोवीस तास बाहेर पाठविणे खर्चाचे आणि अनावश्यक होय. चित्रे पांजरपोळीतच साठवावी आणि हवे तेव्हा तेवढेच दृश्य गावातून पाहावे.

वीज जाणे हा नित्याचा अनुभव असल्यामुळे बॅटरी हवीच. गोठ्याकडील तीन कॅमेरे, अँटेना आणि जोडपेटी मिळून सुमारे ३० वॅट धरल्यास बारा तासांच्या रात्रीस ३६० वॅट-तास लागतात. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीत १,२०० वॅट-तास असतात. तिचा निम्मा साठा वापरला तरी रात्र निभावते. वळवाच्या विजांपासून रक्षणासाठी खांबांस जमिनीत पक्की अर्थिंग द्यावी.

कॅमेरे जनावरांच्या शिंगांच्या आवाक्याबाहेर, सुमारे तीन मीटर उंचीवर, आणि उगवत्या-मावळत्या सूर्याकडे तोंड होणार नाही असे लावावेत. तारा उंदरांपासून वाचविण्यासाठी नळीतून न्याव्यात. कडब्याची धूळ आणि कोळ्यांची जाळी भिंगावर बसते. रात्री जाळे पांढरेशुभ्र चमकते आणि मागचे काहीच दिसत नाही. गोमूत्राच्या वाफेने जोड गंजतात. म्हणून दर पंधरा दिवसांनी मऊ ओल्या फडक्याने भिंगे पुसावीत आणि जोड तपासावेत. कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. २०२५ सालापासून अशा कॅमेऱ्यांच्या विक्रीस सुरक्षा-चाचणीचे प्रमाणपत्र आवश्यक झाले आहे. ते पाहूनच खरेदी करावी.

एवढी सिद्धता झाल्यावर खरा प्रश्न उभा राहतो, तो हा की, पाहणार कोण आणि पाहिल्यावर उठणार कोण? चित्र दहा विश्वस्तांच्या मोबाईलवर गेले, तर दहाही जणांस वाटते की दुसऱ्याने पाहिले असेल. यास्तव वारानुसार एकेक नाव नेमावे. रात्री दहा, एक आणि चार या वेळा ठरवाव्यात. आणि पाहिल्याची नोंद रोजकीर्दीसारखी लिहून ठेवावी. पशुवैद्यांचा क्रमांक, तसेच फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा १९६२ हा क्रमांक, भिंतीवर मोठ्या अक्षरांत असावा. गोठ्यात झोपणारा माणूस मात्र कमी करू नये. कॅमेरा गाईची कूस बदलीत नाही की हौदात पाणी ओतीत नाही. जनावराचा ताप तो मोजीत नाही. धापेचा आवाज ऐकून अंधारात उठतो तो गडीच.

त्या गड्याच्या मनात, हे यंत्र आपल्यावर पाळत ठेवण्यासाठी आणले आहे, असा समज होऊ देणे हानिकारक होय. कॅमेरा कोठे आहे आणि कशासाठी आहे, हे त्यास आधी सांगावे. त्याच्या खोलीकडे व न्हाणीकडे तो कदापि वळवू नये. पाहणाऱ्याने फोन करावा तो जाब विचारण्यासाठी नव्हे, तर मदत पाठविण्यासाठी. तसेच, दात्यांस चित्रे दाखवून निधी वाढविण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु त्यासाठी धष्टपुष्ट गाईच तेवढ्या कॅमेऱ्यासमोर आणून बांधल्या, तर म्हाताऱ्या, लंगड्या व आंधळ्या जनावरांचा कोपरा पुन्हा अंधारातच राहील. वस्तुतः पांजरपोळ आहे ती त्या कोपऱ्यासाठीच.

आपल्या पूर्वजांनी धर्मादाय काढला, आपण यंत्र आणू. दोहोंची कसोटी मात्र एकच आहे. रात्री चार वाजता हौद रिकामा दिसल्यावर किती वेळात तो भरला गेला, हे ज्या संस्थेच्या नोंदवहीत सापडेल, तिचा कॅमेरा सार्थकी लागला असे आम्ही समजू. नवी यंत्रणा घेणाऱ्या संस्थांनी ही वही कॅमेऱ्याच्या आधी घालावी, अशी आमची सर्व व्यापारी बंधूंस नम्र विनंती आहे.