उलट वाचलेला स्वर्ग

अमेरिकेतील सामाजिक सुरक्षा प्रशासन दरवर्षी नवजात बालकांच्या नावांची यादी प्रसिद्ध करीत असते. 1999 साली या यादीत ‘नेव्हेया’ या नावापुढे आकडा होता अवघा आठ. 2001 साली तेच नाव मुलींच्या नावांत 266 व्या क्रमांकावर होते आणि 2010 साली 25 व्या!

या नावामागे ना कोणी संत, ना राणी, ना आजी. इंग्रजीत स्वर्गाला ‘हेवन’ म्हणतात. त्या शब्दाची एच-ई-ए-व्ही-ई-एन ही अक्षरे शेवटाकडून वाचली की झाले नेव्हेया. 2000 साली पी. ओ. डी. या रॉक संगीताच्या चमूतील ख्रिस्ती गायक सनी सँडोव्हाल एमटीव्हीवर आपल्या तान्ह्या मुलीसह दिसला आणि तिच्या नावाची ही फोड त्याने सांगितली. एवढेच निमित्त पुरले.

हा केवळ दूरचित्रवाणीचा प्रताप म्हणावा, तर तेथे ऐकलेली शेकडो नावे दुसऱ्या दिवशी विस्मरणात जातात. हे टिकले, कारण ते कानाला परके वाटत नाही. मधला ‘व्ह’ आणि शेवटचा ‘आ’ हे एव्हा या नावातही आहेत. अखेरचा अनुच्चारित एच तर सारा, हॅना, लीआ या बायबलमधील स्त्रियांच्या नावांतलाच. काल घडलेले नाव जुन्या करारातून उतरल्यासारखे भासते. शिवाय पाहुण्यांना उलगडून सांगावे असे एक लहानसे गुपित आईबापांच्या हाती येते, ते वेगळेच.

सुशिक्षितांनी मात्र नाके मुरडली. काही भाविकांनी तर, स्वर्ग उलटा केला की नरकच उरतो, असा शेरा मारला. मराठी वाचकाला येथे वाल्या कोळी आठवल्यावाचून राहणार नाही. ‘मरा मरा’ म्हणता म्हणता त्याच्या मुखी राम आला, तेव्हा त्या उलटेपणाला कोणी दोष दिला नव्हता.

आणि अक्षरांची ही उलटापालट काय अडाण्यांनीच केली? एस्थर व्हॅनहोमरी या आपल्या मैत्रिणीच्या आडनावातील ‘व्हॅन’ला तिच्या नावाचे लाडके रूप जोडून जोनाथन स्विफ्टने ‘व्हॅनेसा’ हे नाव घडविले. 1726 साली प्रसिद्ध झालेल्या त्या कवितेत त्याने स्वतःला ‘कॅडेनस’ म्हणवून घेतले आहे. डब्लिनच्या कॅथीड्रलचा हा डीन. डीनला लॅटिनमध्ये ‘डेकॅनस’ म्हणतात, त्याचीच अक्षरे त्याने फिरविली. व्हॅनेसा आज कुलीन नाव समजले जाते. विद्वानाने केला तो विनोद, सामान्याने केला तो गावंढळपणा, असाच हा न्याय दिसतो.

हा न्याय निरुपद्रवी असता तर गोष्ट निराळी. पण बर्ट्रँड आणि मुल्लैनाथन या अर्थतज्ज्ञांनी नोकरीसाठी एकसारखे अर्ज केवळ नावे बदलून धाडले, तेव्हा गोऱ्यांच्या वाटणाऱ्या नावांना कृष्णवर्णीयांच्या वाटणाऱ्या नावांपेक्षा सुमारे 50 टक्के अधिक बोलावणी आली, असे त्यांनी 2004 साली प्रसिद्ध केले. नावावरून माणसाचे घराणे ताडण्याची खोड कचेरीपर्यंत पोहोचते ती अशी.

2010 नंतर नेव्हेयाची लाट ओसरू लागली. तथापि 1999 मधील त्या आठ मुलींनी आता पंचविशी ओलांडली आहे आणि त्यांचेही अर्ज कोणाच्या तरी टेबलावर पडत असतील.