ओटीमधला तो डॉक्टर

आमच्या घरी प्लेस्टेशन आलं ते धाकट्या भावाचा बारावीचा निकाल लागल्यावर, २०१३ साली. कुणीतरी वापरून विकायला काढलेलं होतं. मी तेव्हा नाशिकच्या एका हॉस्पिटलमध्ये ऑपरेशन थिएटरला, म्हणजे ओटीला, सिस्टर म्हणून नुकतीच लागले होते. रात्रपाळी नसेल तेव्हा जेवणं आटोपली की आम्ही दोघं हॉलमध्ये सतरंजी टाकून बसायचो. कंट्रोलर एकच. ज्याच्या हातून मरण येईल त्यानं तो दुसऱ्याकडे द्यायचा, असा आमचा नियम. त्या जूनमध्ये आलेला ‘द लास्ट ऑफ अस’ आम्ही असाच आलटून पालटून महिनाभर खेळलो.

गोष्ट सांगायलाच हवी, कारण पुढचा सगळा वाद गोष्टीवरूनच झाला. कॉर्डिसेप्स नावाची बुरशी खरोखरच आहे. ती किड्या-मुंग्यांच्या शरीरात वाढते आणि काही जातींमध्ये मुंगीचं वागणंच बदलून टाकते. ही बुरशी माणसात शिरली तर, अशी कल्पना कॅलिफोर्नियातल्या नॉटी डॉग या स्टुडिओनं केली. जग मोडून २० वर्षं झाली आहेत. पहिल्याच रात्री पोटची मुलगी गमावलेला जोएल आता चोरटा माल इकडून तिकडे पोचवतो. त्याच्यावर १४ वर्षांच्या एलीची जबाबदारी येते. तिला चावा बसला आहे, पण रोग झालेला नाही. तिच्यापासून औषध बनेल या आशेनं तो तिला बॉस्टनहून पार सॉल्ट लेक सिटीच्या हॉस्पिटलपर्यंत नेतो. तिथे कळतं की औषधासाठी तिचा मेंदू काढावा लागणार, म्हणजे ती मरणार. जोएल हॉस्पिटलमध्ये रक्ताचा सडा घालून तिला उचलून नेतो आणि ती शुद्धीवर आल्यावर तिच्याशी खोटं बोलतो.

शेवटी आपण ओटीत शिरतो. टेबलावर एली बेशुद्ध. मास्क लावलेला सर्जन स्काल्पेल उचलून आडवा येतो. त्याला मारल्याशिवाय गेम पुढे सरकत नाही. खोलीत आणखी दोघं असतात. त्यांना मारायचं की सोडायचं, हे खेळणाऱ्यावर आहे. त्या रात्री कंट्रोलर धाकट्याकडे होता. त्यानं तिघांनाही मारलं. मी म्हटलं, “अरे, त्या दोघांना कशाला?” तो म्हणाला, “ताई, ते तिला मारणार होते ना!” मला ते पटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझ्या ओटीत सर्जनच्या हातात स्काल्पेल दिलं, तेव्हा त्या मेलेल्या डॉक्टरची आठवणसुद्धा झाली नाही. त्याला नाव नव्हतं. आमच्या दृष्टीनं तो वाटेतला अडथळा होता.

दुसरा भाग यायला सात वर्षं लागली. तारीख पुढे ढकलत ढकलत अखेर १९ जून २०२० ठरली. त्याआधी एप्रिलच्या शेवटी त्याच्या चित्रफिती फुटल्या. स्टुडिओच्या जुन्या गेममधल्या एका त्रुटीतून कुणीतरी आत शिरलं होतं, आणि महत्त्वाची दृश्यं हा हा म्हणता जगभरच्या मोबाइलवर फिरली. धाकटा तेव्हा पुण्याहून घरी येऊन वरच्या मजल्यावरून काम करत होता. त्यानं जिन्यातूनच मला ओरडून सांगितलं, “जोएल मरतो. गोल्फच्या काठीनं मारतात त्याला. कुणी एक ॲबी म्हणून बाई आहे.” त्याच्या आवाजात घरातलं माणूस गेल्यासारखा हादरा होता.

त्याला बाहेरून हसणं सोपं आहे, पण मी हसणार नाही. सिनेमातल्या नायकाला आपण पाहतो. गेममधल्या माणसाला आपण चालवतो. भिंतीआड तो दबकला तो आपल्या अंगठ्यानं, त्याच्या जखमेवर पट्टी बांधली ती आपण बटण दाबून धरलं म्हणून. पंधरा-वीस तास असं केलं की तो माणूस हातात मुरतो. सात वर्षं ज्याची वाट पाहिली तो परत आला आणि दुसऱ्या भागाच्या पहिल्या दोन-तीन तासांतच, एलीच्या डोळ्यांदेखत ठेचून मारला गेला. हा राग मला खोटा वाटत नाही. शिवाय ट्रेलरमध्येही फसवलं होतं: एलीच्या तोंडावर मागून हात ठेवणारा जोएल त्यात दिसतो, आणि प्रत्यक्ष गेममध्ये त्या जागी जेसी नावाचा दुसराच तरुण निघतो. रहस्य राखायला केलेली ही लबाडी होती. आजही मला ती मान्य नाही.

पण नंतर जे झालं ते रागाच्या पलीकडचं होतं. गेम पुरा करायला साधारण २५ तास लागतात. मेटाक्रिटिक नावाच्या ठिकाणी समीक्षकांचे आणि खेळणाऱ्यांचे गुण वेगवेगळे लावतात. समीक्षकांची सरासरी १०० पैकी ९३ च्या घरात होती. खेळणाऱ्यांकडून मात्र पहिल्याच दिवशी हजारो शून्यं पडली, आणि आकडा १० पैकी साडेतीनच्या आसपास आला. इतक्या कमी तासांत गेम संपवून कुणी मत देऊच शकत नव्हतं. त्या शून्यांमध्ये एक माझ्या भावाचं होतं. गेमची डिस्क तेव्हा माझ्या खोलीत, न उघडलेल्या खोक्यात होती. पुढच्याच महिन्यात मेटाक्रिटिकनं नियम बदलला: गेम आल्यावर पहिले ३६ तास खेळणाऱ्यांना मत नोंदवता येणार नाही. दुसरीकडे पहिल्या तीन दिवसांत ४० लाखांहून जास्त प्रती विकल्या गेल्या होत्या.

मी तो खेळले ते गच्चीवरच्या खोलीत. ठरवून करायच्या शस्त्रक्रिया थांबल्यामुळे आम्हा ओटीच्या सिस्टरांना कोविड वॉर्डात ड्युटी लागली होती. घरात आई-बाबा, म्हणून मी वर वेगळी राहत होते. आई ताट जिन्याच्या वरच्या पायरीवर ठेवून खाली जायची. टीव्ही आणि प्लेस्टेशन धाकट्यानंच वर आणून दिलं होतं. “मी तर खेळणार नाही. तुला खेळायचं तर खेळ,” म्हणाला. सहा-सहा तास पीपीई किटमध्ये, पाण्याचा घोट नाही, आणि रात्री पडद्यावर पुन्हा मास्क आणि संसर्ग. जोएल मेला त्या रात्री मी टीव्ही बंद केला आणि पुढचे चार दिवस हात लावला नाही.

मग एली सूड घ्यायला सिअॅटलला जाते आणि आपण तिच्याबरोबर. इथे गेम बनवणाऱ्यांनी एक गोष्ट केली आहे, ती मी दुसरीकडे पाहिलेली नव्हती. आपण शत्रूच्या एका माणसाला मारलं की त्याचा सोबती त्याला नावानं हाक मारत धावतो. त्यांच्या कुत्र्यांनाही नावं आहेत. ॲलिस नावाची कुत्री अंगावर येते तेव्हा तिला मारायला बटण आपणच दाबायचं. त्याहून वाईट म्हणजे नोरा. ॲबीच्या टोळीतली ही मुलगी सिअॅटलच्या हॉस्पिटलात सापडते. तळघरात एली तिच्याकडून पत्ता काढून घेते. लाल उजेडात फक्त एलीचा चेहरा दिसतो, हातात लोखंडी पाइप, आणि पडद्यावर स्क्वेअरच्या बटणाची खूण. बटण दाबेपर्यंत काही घडत नाही. गेम वाट पाहतो. मी पाच मिनिटं तशीच बसून होते. सुटका नव्हती, दाबावंच लागलं, आणि एकदा नाही, पुन्हा पुन्हा.

माझ्या मते सगळ्या भांडणाचं मूळ इथे आहे. कादंबरीत असं पान आलं तर डोळे मिटून उलटता येतं. इथे पान आपल्या हातूनच उलटतं, आणि मग लेखक म्हणतो, हे तू केलंस. अनेकांनी म्हटलं, “मला दुसरा पर्यायच दिला नाहीत, मग दोष मला का देता?” हा आक्षेप खरा आहे, आणि त्याला गेमकडे पुरतं उत्तर नाही. मला वाटतं की मी त्या पाच मिनिटांत जे अनुभवलं तेच उत्तर, पण कुणाला तेवढ्यानं भागत नसेल तर त्याला मी चुकीचा म्हणणार नाही.

ॲबी एका थिएटरमध्ये एलीसमोर पिस्तूल रोखून उभी राहते, आणि नेमकी तिथेच गोष्ट थांबते. आपण तीन दिवस मागे जातो, आणि आता कंट्रोलर म्हणजे ॲबी. एलीसाठी कमावलेलं सगळं गेलं. नवी हत्यारं, नवी शिकवणी, पहिल्यापासून सुरुवात. दहा-एक तास. पुष्कळांनी इथेच खेळ सोडला. मीही चिडले होते. पण ॲबीच्या लहानपणचं एक दृश्य येतं. ती आपल्या वडिलांबरोबर रानात आहे, काटेरी तारेत एक झेब्रा अडकला आहे, आणि वडील हळूहळू, त्याच्याशी बोलत बोलत, तार कापून सोडवतात. त्यानंतर ते दोघं हॉस्पिटलकडे परततात. सॉल्ट लेक सिटीचं हॉस्पिटल. मास्क नसल्यामुळे मी त्यांना ओळखलं नव्हतं.

तोच डॉक्टर. आता त्याला नाव होतं, जेरी. त्याला मुलगी होती, आणि बाप पडलेल्या त्या ओटीच्या दारात ती धावत येते तेव्हा मी तिच्यात असते.

मी त्या रात्री रडले ते जोएलसाठी नव्हे. त्या आठवड्यात आमच्या वॉर्डातून तीन माणसं गेली होती. काचेपलीकडे त्यांची मुलं उभी होती. आमच्या दृष्टीनं बेड नंबर असलेल्या माणसाला घरी नाव असतं, हे मला रोज माहीत होतं. तरी सात वर्षांपूर्वी सतरंजीवर बसून मी एका माणसाला बिननावाचा राहू दिला होता. पुढे ॲलिसही भेटते, जिवंत, ॲबीच्या मागे शेपूट हलवत.

ॲबीच्या पीळदार दंडांवरून फार घाण बोललं गेलं. लीक झालेल्या चित्रफितींवरून ती ट्रान्स असल्याची अफवा उठली होती. ती खोटी होती. गेममध्ये ट्रान्स मुलगा आहे तो लेव्ह, आणि ॲबी त्याला वाचवायला आपल्याच माणसांविरुद्ध जाते. एलीचं प्रेम दिना नावाच्या मुलीवर आहे, हेही कित्येकांना सलत होतं. बाईचे असे दंड असतात का, असं विचारणाऱ्यांनी आमच्या वॉर्डात यावं. नव्वद किलोचा पेशंट पालथा करायला आम्ही चार बायका असायचो. ॲबीनं ते शरीर वर्षानुवर्षं कमावलं आहे, बापाचा मारेकरी सापडेल त्या दिवसासाठी, आणि सापडल्यावर तिला त्यातून काहीच मिळालं नाही. तिचे दंड हीच तिची गोष्ट आहे.

त्या जुलैच्या सुरुवातीला ॲबीचा आवाज आणि अभिनय देणाऱ्या लॉरा बेलीनं तिला आलेल्या जिवे मारण्याच्या धमक्या उघड केल्या. आपल्याकडे निळू फुल्यांना बायका खरोखरचा दुष्ट समजून शिव्या घालत, आणि ते त्याला कामाची पावती मानत. पण ती शिवी तंबूतल्या अंधारात किंवा रस्त्यात भेट झाली तर. घरात शिरून रोज सकाळी ती उशाशी येऊन बसत नव्हती. बेलीला डिसेंबरमध्ये द गेम अवॉर्ड्समध्ये उत्कृष्ट अभिनयाचा पुरस्कार मिळाला, गेमला वर्षातला सर्वोत्कृष्ट गेम धरून एकूण सात. तरी राग विझला नाही. या गेमवरच्या एचबीओच्या मालिकेत केटलिन डेव्हर ॲबी होणार असं ठरलं, तेव्हा चित्रीकरणात तिला जादा सुरक्षा द्यावी लागल्याचं सहकलाकार इझाबेला मर्सेडनं सांगितलं. चार वर्षांनंतर, वेगळ्या नटीला.

रागावलेले चाहते असेच वागतात असं नाही. २०१२ मध्ये ‘मास इफेक्ट ३’ या गेमचा शेवट लोकांना पटला नाही. तिन्ही पर्यायांचा शेवट लाल, हिरव्या, निळ्या रंगापुरता वेगळा. चाहत्यांनी तो बनवणाऱ्या बायोवेअरच्या कॅनडातल्या कचेरीत शेकडो कपकेक पाठवले, तीन रंगांचे, चव सगळ्यांची एकच. निषेध म्हणून वर्गणी काढली आणि ८०,००० डॉलरहून जास्त रक्कम आजारी मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेला दिली. जूनमध्ये कंपनीनं शेवट वाढवून फुकट दिला. खेळून, समजून, नेमकं बोट ठेवून केलेला तो विरोध होता.

‘द लास्ट ऑफ अस’च्या दुसऱ्या भागात मलाही काही खटकतं. शेतावरच्या घरात एली, दिना आणि बाळ सुखानं राहत असताना तिला पुन्हा सँटा बार्बराला नेणं मला ओढून ताणून वाटलं. शेवटी पाण्यात ती ॲबीला सोडून देते, तेही स्वतःच्या हाताची दोन बोटं गेल्यावर. घरी येऊन गिटार हातात घेते तर सूर लागत नाही, कारण तारा दाबायला बोटंच नाहीत. जोएलनं शिकवलेलं वाजवणं सूडात गेलं. हे एकच दृश्य मला त्या लांबलेल्या वाटेची भरपाई वाटतं. लेखक नील ड्रकमन आणि हॅली ग्रॉस यांनी सोपं काही केलं नाही. पहिल्या भागाची आवडती जोडी पुन्हा फिरवून आणली असती तर एवढ्याच प्रती विकल्या असत्या आणि कुणीच रागावलं नसतं. मला हा गेम पहिल्यापेक्षा मोठा वाटतो.

धाकट्यानं २०२१ च्या दिवाळीत तो खेळायला घेतला, मी काही न बोलता. नोरापर्यंत आला तेव्हा कंट्रोलर खाली ठेवून गच्चीवर जाऊन आला. झेब्रा पाहिला, डॉक्टरला ओळखलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, “ताई, त्या दोघांना मी उगाच मारलं.” पुढे ॲबीचे तीन दिवस त्यानं पुरे केले आणि थिएटरशी येऊन पोचला. तिथे ॲबी होऊन एलीशी लढायचं असतं. त्यानं प्लेस्टेशन बंद केलं. त्याचा सेव्ह अजून तिथेच आहे. मेटाक्रिटिकवरचं शून्य त्यानं त्याच रात्री काढून टाकलं. त्या जागी दुसरा आकडा अजून टाकलेला नाही.