लघवीचा त्रास : लपवू नका, अंगावर काढू नका

माणसाने साठी ओलांडली की गुडघे दुखू लागतात, नजर कमी होते. याविषयी वडीलधारी मंडळी चारचौघांत मोकळेपणाने बोलतात. परंतु लघवीच्या तक्रारीविषयी मात्र कोणी तोंड उघडत नाही. आजोबा एस.टी.चा प्रवास टाळतात, आजी लग्नकार्याला जायला नको म्हणतात. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत येणारे काही पेन्शनर तर सकाळपासून पाण्याचा घोटही न घेता रांगेत उभे असतात. घरच्यांना वाटते, वयोमानाने स्वभाव बदलला. खरे कारण वेगळेच असते. हा त्रास पुष्कळदा उपचाराने बरा होतो किंवा बराच कमी होतो. लपविल्याने तो वाढतो, हे प्रत्येक घराने समजून घेतले पाहिजे.

वयोमानाने काय बदलते?

आपली मूत्रपिंडे रक्त गाळून दिवसाकाठी साधारण दीड लिटर लघवी तयार करतात. ती ओटीपोटातील मूत्राशयात, म्हणजे स्नायूंच्या पिशवीत साठते. निरोगी माणसाच्या या पिशवीत सुमारे ४०० ते ५०० मिलिलिटर लघवी मावते. वय वाढते तशी पिशवी कमी ताणली जाते आणि ती पूर्ण रिकामी होत नाही. रात्री लघवी कमी तयार व्हावी ही शरीराची व्यवस्थाही सैल पडते. म्हणून रात्री एकदा उठावे लागले तर घाबरण्याचे कारण नाही. दोन-तीन वेळा उठावे लागत असेल तर डॉक्टरांना सांगावे व रक्तातील साखरही तपासून घ्यावी. कारण मधुमेहाचेही ते लक्षण असू शकते.

पुरुषांचा त्रास

पुरुषांमध्ये मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रमार्गाभोवती प्रोस्टेट नावाची ग्रंथी असते. तरुणपणी ती अक्रोडाएवढी असते आणि उतारवयात वाढू लागते. ती वाढली की मार्ग आवळला जातो. लघवी सुरू व्हायला वेळ लागतो, धार बारीक होते, शेवटी थेंब थेंब येते आणि पोट मोकळे झाल्यासारखे वाटत नाही. ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे. पुष्कळांना गोळ्यांनी आराम पडतो. टॅमसुलोसिनसारख्या गोळीने सुरुवातीला एकदम उठल्यावर चक्कर येऊ शकते, म्हणून सावकाश उठावे. गोळ्यांनी भागले नाही तर मूत्रमार्गातूनच दुर्बीण घालून शस्त्रक्रिया करतात. त्यासाठी पोटावर टाके पडत नाहीत.

एक सावधगिरी मात्र ठेवावी. प्रोस्टेट वाढलेल्या माणसाने सर्दीच्या गोळ्या दुकानातून परस्पर आणून घेऊ नयेत. त्यांतील काही औषधांमुळे लघवी एकाएकी तुंबते.

स्त्रियांचा त्रास

स्त्रीचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटर लांब असतो, त्यामुळे जंतू लवकर आत शिरतात. पाळी गेल्यावर शरीरातील इस्ट्रोजेन कमी होते, तेथील त्वचा पातळ व कोरडी पडते आणि जंतुसंसर्ग वारंवार होऊ लागतो. बाळंतपणांमुळे ओटीपोटाखालचे स्नायू सैल पडलेले असतात. खोकला, शिंक किंवा पाण्याची कळशी उचलताना लघवी निसटते. पुष्कळ बायका हे दुखणे वर्षानुवर्षे कोणाला न सांगता सोसतात.

यावर बिनखर्चाचा व्यायाम आहे. आर्नोल्ड केगेल या अमेरिकन डॉक्टरांनी १९४८ साली तो मांडला. लघवी रोखताना जे स्नायू आपण आत ओढतो, तेच पाच सेकंद आवळून धरावेत व तितकाच वेळ सैल सोडावेत. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा करावे. प्रत्यक्ष लघवी करताना हा व्यायाम करू नये. गुण यायला तीन महिनेही लागतात. तोवर धीर सोडू नये.

पाणी तोडणे हा उपाय नव्हे

लघवी लागू नये म्हणून पाणीच प्यायचे नाही, असे अनेकजण ठरवितात. उतारवयात तहान आधीच कमी लागते. त्यात पाणी तोडले की लघवी दाट होते, जळजळ वाढते, मूतखड्याला व बद्धकोष्ठाला निमंत्रण मिळते. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास डॉक्टर सांगतील तेवढेच पाणी घ्यावे. इतरांनी दिवसभरात थोडे थोडे करून दीड ते दोन लिटर प्यावे आणि झोपण्यापूर्वी दोन तास कमी करावे. संध्याकाळनंतरचा चहा टाळावा. उन्हाळी लागली म्हणून धन्याचे पाणी घ्यायला हरकत नाही. परंतु दोन दिवसांत जळजळ थांबली नाही किंवा ताप आला, तर लघवी तपासावी आणि दिलेले औषध पूर्ण मुदतीपर्यंत घ्यावे.

बायकांनी पाणी तोडण्यामागे स्वच्छ मुतारीचा अभाव हेही मोठे कारण आहे. मुंबईत पुरुषांना मुतारी मोफत आणि स्त्रियांना मात्र पैसे, या अन्यायाविरुद्ध स्वयंसेवी संस्थांनी २०११ साली ‘राइट टू पी’ ही मोहीम सुरू केली, ती यासाठीच.

केव्हा थांबू नये

लघवीतून रक्त गेले, मग ते एकदाच का असेना आणि दुखत नसले तरीही, तपासणी करून घ्यावी. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांना मूत्राशयाच्या कर्करोगाचा धोका अधिक असतो. लघवी पूर्ण बंद होऊन ओटीपोट फुगले, तर त्याच घटकेला रुग्णालय गाठावे. थंडी वाजून ताप आला किंवा वृद्ध माणूस एकाएकी असंबद्ध बोलू लागला, तरी तातडीने डॉक्टरांना दाखवावे.

घरच्यांचे कर्तव्य

रात्री अंधारात घाईने उठताना पडून खुब्याचे हाड मोडते आणि माणूस कायमचा अंथरुणाला खिळतो. वाटेत लहान दिवा लावावा, मोरी कोरडी ठेवावी. चाळीत संडास गॅलरीच्या टोकाला असेल, तर रात्री खाटेजवळ लघवीचे भांडे ठेवावे. त्यात लाज कसली? अंथरूण ओले झाले तर रागावू नये. तीन दिवस किती वाजता पाणी घेतले व किती वेळा लघवी झाली, हे मुलांनी किंवा नातवंडांनी वहीत लिहून द्यावे. वही आणि चालू असलेल्या सर्व गोळ्या घेऊन डॉक्टरांकडे जावे, म्हणजे निदान सोपे होते. आई-वडील आपण होऊन हा विषय काढणार नाहीत. तो आपणच आपुलकीने काढला पाहिजे.