भुकटी आटते कशी, यावर नळीचे भवितव्य

अणुभट्टी म्हटले की आपल्याला मोठाल्या इमारती, तारांचे कुंपण आणि पहारा आठवतो. आत उष्णता देणारे इंधन मात्र बोटाच्या पेराएवढ्या काळसर गोळ्यांचे असते, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

ही गोळी युरेनियम डायऑक्साइडच्या भुकटीची. आपल्या देशात हैदराबादच्या न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्समध्ये अशा गोळ्या होतात. भुकटी साच्यात दाबायची आणि हायड्रोजन भरलेल्या भट्टीत १७०० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजायची. हा पदार्थ वितळायला २८०० अंशांहून जास्त उष्णता लागते, तेव्हा इथे वितळत काहीच नाही. कण एकमेकांना चिकटतात, मधल्या पोकळ्या भरत जातात आणि गोळी आटते. याला सिंटरिंग म्हणतात. वीटभट्टीवर राबलेल्या वाचकांना वेगळे सांगायला नको, कच्ची वीट आणि पक्की वीट एका मापाची नसते.

आम्ही पडलो वाणिज्य शाखेचे, म्हणून हिशेब मांडून पाहिला. कच्च्या गोळीत साधारण ५५ टक्के ऐवज, बाकी पोकळी. भाजल्यावर ऐवज ९५ टक्के. वजन जवळपास तेच, पण १२ मिलिमीटर व्यासाची गोळी १० वर येते!

मात्र प्रत्येक भुकटी सारखी आटत नाही. कण बारीक असले, किंवा ऑक्सिजन किंचित जास्त असला, तर ती कमी उष्णतेतच आकसू लागते. म्हणून आधी परीक्षा घेतात. डायलॅटोमीटर या यंत्रात कच्च्या गोळीला दांडी टेकवून, भट्टी तापत जाताना लांबी किती घटली याचा आलेख काढतात.

या परीक्षेचे मोल १९७२ साली अमेरिकेत कळले. न्यूयॉर्क राज्यातील गिना अणुभट्टीतून काढलेल्या काही इंधननळ्या जागोजाग चपट्या झालेल्या आढळल्या. गोळ्या कारखान्यात पुरत्या आटल्याच नव्हत्या. त्यांतली बारीक छिद्रे अणुभट्टीत मिटली, गोळ्यांची रास खाली बसली, मध्ये फट पडली आणि बाहेरच्या पाण्याच्या दाबाने नळी तिथेच दबली. किरणोत्सारी द्रव्ये कोंडून ठेवणारी भिंत ती हीच. तारापूरसारख्या ठिकाणी शेजारी नांदणाऱ्या कुटुंबांना पंप आणि पाण्याइतकीच या गोळीचीही माहिती मिळाली पाहिजे, असे आम्हाला वाटते.

पुढे भाजलेल्या गोळ्यांचे नमुने पुन्हा १७०० अंशांत २४ तास ठेवून तपासण्याची रीत पडली. आणखी आटल्या तर त्या कच्च्या.

मग गोळी शंभर टक्के भरीवच का करू नये? तर अणू फुटताना वायू तयार होतात, गोळी फुगते, तिला थोडी जागा लागते. म्हणून चार-पाच टक्के पोकळी राखतात, पण मोठ्या, टिकाऊ छिद्रांची. त्यासाठी काही ठिकाणी भुकटीत असा पदार्थ मिसळतात, जो भट्टीत उडून जातो आणि आपल्या जागी छिद्र ठेवून जातो.