सोनेरी चौकटीचा आरसा : लालबागेपासून आजीच्या खोलीपर्यंत

गेल्या हिवाळ्यात मंडळाच्या फेरीत आम्ही लालबाग राजवाडा पाहिला. खान नदीकाठचा हा महाल १८८६ ते १९२१ या काळात टप्प्याटप्प्याने उभा राहिला. तिसऱ्या तुकोजीराव होळकरांनी तो पूर्ण केला. आतली वळणावळणाची सोनेरी नक्षी पाहून एका सभासदाने विचारलं, "हे खरं सोनं का हो?" मला आमच्या घरचा आरसा आठवला.

ही नक्षी युरोपातल्या बरोक आणि रोकोको शैलीची. सतराव्या शतकात मोठा आरसा ही चैनीची वस्तू होती, म्हणून त्याला चौकटही तशीच भारदस्त लागे. व्हर्सायच्या आरसेमहालात (१६७८ ते १६८४) ३५७ आरसे बसवले. एकोणिसाव्या शतकात ही शैली पुन्हा लोकप्रिय झाली आणि आपल्या संस्थानिकांच्या महालांतही आली.

चौकटीची रीत अशी. लाकूड कोरायचं, त्यावर खडूची पूड आणि सरस यांचे थर द्यायचे, वर तांबड्या मातीचा हात, मग सोन्याचा वर्ख. वर्ख पाण्याने बसवला तर अकीक दगडाने घोटून आरशासारखी चकाकी येते. तेलाने बसवला तर घोटता येत नाही, पण तो ओलाव्याला जास्त टिकतो. स्वस्त कामात कोरण्याऐवजी साच्यातली फुलं चिकटवत.

आमच्या आजीचा आरसा घरात 'राजवाड्यातला' म्हणून मिरवायचा. एका लग्नाआधी मी स्वतः ओल्या फडक्याने तो स्वच्छ पुसला. आतल्या सपाट पट्टीवरचं सोनं फडक्याला आलं, खाली तांबडी माती! फुलांवरचं मात्र राहिलं. पट्टीचा वर्ख पाण्याने बसवलेला, फुलांचा तेलाने. घाबरून बाजारातला सोनेरी रंग फासला. त्यात सोनं नसतं, पितळेची पूड असते. दोनेक वर्षांत तो काळपट झाला.

नंतर नीट पाहिलं. एका टवका उडालेल्या फुलाखाली लाकूड नव्हतं, साच्यातला लगदा होता. काचेच्या कडेला काळे डाग होते, म्हणजे मागे चांदी. पारा आणि कथिलाचा जुना आरसा राखाडी, कणीदार डागाळतो. काचेला चांदी चढवण्याची रीत लीबिगने १८३५ मध्ये शोधली, म्हणजे आरसा त्यानंतरचा. राजवाड्याची गोष्ट काही सिद्ध झाली नाही.

तुमच्याकडे अशी चौकट असेल तर मऊ, कोरड्या ब्रशने धूळ झटका. पाणी, लिंबू, सोनेरी रंग, काही लावू नका. राखाडी डागांच्या आरशाची मागची बाजू खरवडू नका, तिथे पारा असतो. आणि नवी काच बसवण्याआधी जुन्या काचेचे फोटो काढून ठेवा. वस्तूचं वय तीच सांगते.

आमची पट्टी आता तांबडीच आहे. कुणी विचारलं की मी फडक्याची गोष्ट सांगतो.