जुन्या कॉम्प्युटरवर क्रिप्टो मायनिंग करून पैसे मिळतात का? वीजबिलासकट पूर्ण हिशेब

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. दहा-बारा वर्षं जुन्या बहुतेक कॉम्प्युटरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. त्यामुळे घरात, दुकानाच्या मागच्या खोलीत, बंद पडलेल्या सायबर कॅफेत असे बरेच डबे धूळ खात पडलेत. आणि नेमकं याच वेळी मोबाईलवर रील येतं: ‘जुना पीसी भंगारात देऊ नका, त्यावर बिटकॉइन काढा, झोपेत कमवा.’

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या नेवासा तालुक्यात सोनई नावाचं गाव आहे. शनी शिंगणापूरच्या शेजारचं, मुळा सहकारी साखर कारखान्याचं. अशा गावातल्या एखाद्या पोराने खरंच जुना पीसी चालू करून मायनिंग सुरू केलं, तर महिन्याच्या शेवटी त्याच्या हातात काय पडेल? महावितरणच्या बिलासकट हा हिशेब मांडून बघू.

मायनिंग म्हणजे नेमकं काय?

बिटकॉइन ही एक सार्वजनिक वही आहे. कोणी कोणाला किती दिले, याची नोंद तिच्यात होते. ही वही कुठल्या एका बँकेकडे नाही, जगभरच्या हजारो कॉम्प्युटरवर तिची प्रत आहे. मग नवीन पान कोणी जोडायचं? त्यासाठी स्पर्धा लागते.

एक आकडा शोधायचा असतो. तो गणिताने सोडवून मिळत नाही, फक्त अंदाज मारत राहायचं. नंबरचं कुलूप उघडायला ००० पासून ९९९ पर्यंत आकडे फिरवत बसावं, तसंच. अशा एका प्रयत्नाला ‘हॅश’ म्हणतात. ज्याचा आकडा आधी जुळेल, तो पान जोडतो आणि त्याला नवीन बिटकॉइन मिळतात. साधारण दर १० मिनिटांनी एक पान जोडलं जातं.

इथे एक मेख आहे. जास्त मशीन आल्या म्हणून जास्त बिटकॉइन निघत नाहीत. दर २,०१६ पानांनंतर, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, नेटवर्क स्वतःच कोडं अवघड किंवा सोपं करतं. स्पर्धक कितीही वाढोत, वाटायचा माल तेवढाच राहतो.

आणि तो मालही कमी होत चाललाय. जानेवारी २००९ मध्ये बिटकॉइन सुरू झालं तेव्हा एका पानाला ५० बिटकॉइन मिळायचे. २०१२ मध्ये ते २५ झाले, २०१६ मध्ये १२.५, २०२० मध्ये ६.२५ आणि एप्रिल २०२४ पासून ३.१२५. म्हणजे आज अख्ख्या जगात मिळून दिवसाला फक्त ४५० च्या आसपास नवीन बिटकॉइन निघतात.

मग घरच्या पीसीवर कोणी कमावलंच नाही का?

कमावलं ना, पण २००९-१० च्या काळात. तेव्हा स्पर्धकच मोजके होते आणि साधा पीसी पुरायचा. पुढे लोकांनी गेमिंगची ग्राफिक्स कार्डं लावली. २०१३ पासून ‘एसिक’ मशीन आल्या. या मशीन हॅश करण्याखेरीज दुसरं काहीच करत नाहीत. गाणं वाजवणार नाहीत, एक्सेल उघडणार नाहीत, पण एकच काम अफाट वेगाने करतात.

जुना पीसी सेकंदाला साधारण २ कोटी प्रयत्न करू शकतो. ऐकायला भारी वाटतं. ॲन्टमायनर एस२१ नावाची एसिक मशीन सेकंदाला २०० लाख कोटी प्रयत्न करते. म्हणजे एका एस२१ ची बरोबरी करायला १ कोटी जुने पीसी लागतील.

आता हिशेब

पीसीच्या बाजूने झुकतं माप देऊ. बिटकॉइनचा भाव १ कोटी रुपये धरू. ऑक्टोबर २०२५ च्या उच्चांकाला तो याच्या थोडा वर गेला होता, पण एरवी बराच खाली असतो. वीज ८ रुपये युनिट धरू. प्रत्यक्षात महिन्याला १०० युनिटच्या पुढे गेलं की घरगुती दर याहून जास्त पडतो.

जगातल्या सगळ्या बिटकॉइन मशीनची मिळून ताकद २०२५ मध्ये सेकंदाला १ झेटाहॅशच्या आसपास पोहोचली. १ वर २१ शून्य, एवढे प्रयत्न दर सेकंदाला. त्यात आपल्या पीसीचा वाटा ५० लाख कोटींत एक.

बिटकॉइनच्या सगळ्यात लहान भागाला सातोशी म्हणतात. एका बिटकॉइनचे १० कोटी सातोशी होतात. वरच्या वाट्याने आपल्या पीसीची दिवसाची कमाई येते ०.०००९ सातोशी. एक अख्खा सातोशी जमायला साधारण १,१११ दिवस, म्हणजे तीन वर्षं लागतील. त्याची किंमत? १० पैसे.

आता खर्च. मॉनिटर बंद ठेवला तरी पूर्ण ताकदीने चालणारा जुना डेस्कटॉप साधारण १०० वॅट खातो. दिवसाला २.४ युनिट, म्हणजे १९ रुपये. तीन वर्षांत साधारण २१ हजार रुपये.

थोडक्यात, १० पैसे कमवायला २१ हजारांची वीज.

‘पण नशीब फळफळलं तर एकट्यालाच पूर्ण पान मिळेल की!’ असंही कोणी म्हणेल. या वेगाने एक पान मिळायला सरासरी ९५ कोटी वर्षं लागतात. त्यापेक्षा लॉटरीचं तिकीट बरं.

पूलमध्ये गेलं तर?

पूल म्हणजे सहकार. हे सोनईकरांना वेगळं सांगायला नको. कारखान्याला सभासद ऊस घालतात, काट्यावर जेवढं वजन भरेल तेवढे पैसे. मायनिंग पूलमध्येही हजारो जण आपापली ताकद एकत्र करतात आणि मिळालेलं बक्षीस हिश्श्याप्रमाणे वाटून घेतात.

पण सहकारामुळे तुमच्या शेतातला ऊस वाढत नाही. एक मोळी घेऊन गव्हाणीवर गेलात, तर पैसेही एका मोळीचेच मिळणार. पूल फक्त नशिबाचा भाग कमी करतो, कमाई वाढवत नाही. वर पूलची फी जाते. बहुतेक पूल ठरावीक रक्कम साठल्याशिवाय पैसे सोडत नाहीत, आणि ०.०००९ सातोशीच्या वेगाने ती रक्कम या जन्मात साठणार नाही.

बिटकॉइन सोडून दुसरं कॉइन?

हा प्रश्न मात्र रास्त आहे. मोनेरो नावाच्या कॉइनने नोव्हेंबर २०१९ मध्ये ‘रॅन्डम-एक्स’ ही पद्धत आणली. ती मुद्दाम साध्या प्रोसेसरला सोयीची अशी बनवलेली आहे. घरच्या पीसीवर आजही काहीतरी हाताला लागतं ते इथेच.

पण किती? चार कोअरचा जुना आय-फाइव्ह सेकंदाला साधारण १,५०० हॅश करतो. पूर्ण वेगासाठी त्याला २ जीबीहून जास्त मोकळी रॅम लागते. नेटवर्कची ताकद सेकंदाला ५०० कोटी हॅश आणि मोनेरोचा भाव ३० हजार रुपये धरला, तर दिवसाला साधारण ४ रुपये मिळतात. वीज जाते १९ रुपयांची. म्हणजे रोजचा तोटा १५ रुपये.

बंद सायबर कॅफेतले दहा पीसी एकदम लावले तर? कमाई दिवसाला ४० रुपये, वीज १९२ रुपये. महिन्याला साडेचार हजारांचा खड्डा. मशीन वाढल्या की तोटाही त्याच प्रमाणात वाढतो. शिवाय मोनेरो विकून रुपये करणंही सोपं नाही. बायनान्ससारख्या मोठ्या एक्सचेंजने फेब्रुवारी २०२४ मध्ये हे कॉइन यादीतून काढलं.

आणि इथेरियम? ‘ग्राफिक्स कार्ड लावा, इथेरियम काढा’ सांगणारे व्हिडिओ अजून फिरतात. पण इथेरियमने १५ सप्टेंबर २०२२ ला मायनिंगच बंद केलं. ते व्हिडिओ शिळे आहेत.

वीज फुकट असेल तर?

कॉमेंटमध्ये हा मुद्दा हमखास येतो. फुकट म्हणजे कुठली, ते आधी बघू.

शेतीपंपाची वीज: राज्यात ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मोफत वीज आहे, पण ती पंपासाठी आहे. त्या कनेक्शनवर दुसरं काही चालवणं म्हणजे वीज कायदा २००३ च्या कलम १२६ नुसार अनधिकृत वापर. पकडलं गेलं तर लागू असलेल्या दराच्या दुप्पट आकारणी होते. आकडा टाकणं ही तर सरळ वीजचोरी.

छतावरचं सोलर: नेट मीटर असेल तर वापरून उरलेलं प्रत्येक युनिट बिलातून वजा होतं. तेच युनिट पीसीने खाल्लं, तर तेवढी वजावट गेली. तेव्हा तेही फुकट नाहीच.

घरचं नेहमीचं कनेक्शन: एक पीसी महिन्याला ७२ युनिट ओढतो. ज्या घराचा वापर आज ८० युनिट आहे, ते १५२ वर जातं आणि १०० च्या पुढची युनिटं महागड्या टप्प्यात मोजली जातात.

मग एसिकच घेतलं तर?

एस२१ वर सांगितलेल्या भावाने दिवसाला साधारण ९०० रुपये कमावते. ती ३,५०० वॅट खाते, म्हणजे दिवसाला ८४ युनिट. ८ रुपयांच्या दराने ६७२ रुपये. वरकरणी २२८ रुपये सुटताना दिसतात.

इथे इन्कम टॅक्स येतो. १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, वर ४ टक्के सेस. वजावट मिळते ती फक्त खरेदी किमतीची. मायनिंगसाठीच्या यंत्रणेवर केलेला खर्च खरेदी किमतीत धरला जाणार नाही, हे केंद्र सरकारने मार्च २०२२ मध्ये संसदेत स्पष्ट केलं. म्हणजे कर २२८ रुपयांवर नाही, पूर्ण ९०० रुपयांवर लागतो. तो होतो २८१ रुपये. वीज आणि कर मिळून ९५३. रोज ५३ रुपये खिशातून.

यात मशीनची किंमत धरलेलीच नाही. महिन्याला अडीच हजार युनिट वापरणाऱ्या घराला ८ रुपयांचा दर मिळत नाही, हेही धरलेलं नाही. नगर जिल्ह्यातल्या उन्हाळ्यात खोली थंड ठेवायचा खर्च वेगळाच. क्रिप्टोतला तोटा दुसऱ्या उत्पन्नातून वजाही करता येत नाही.

भारतात मायनिंगवर बंदी नाही. पण कायदेशीर असणं वेगळं आणि परवडणं वेगळं.

खरा धोका इथून पुढे आहे

पीसीवर काही मिळत नाही हे कळल्यावर पुढची जाहिरात समोर येते: ‘मशीन आम्ही चालवतो, तुम्ही फक्त पैसे गुंतवा.’ याला क्लाउड मायनिंग म्हणतात, आणि महाराष्ट्राने याची मोठी किंमत मोजली आहे.

गेनबिटकॉइन ही त्यातली सगळ्यात गाजलेली योजना. बिटकॉइन द्या, मायनिंगमधून १८ महिने दरमहा १० टक्के परतावा घ्या, असं आश्वासन होतं. पुढे लोकांना बिटकॉइनऐवजी कंपनीचं स्वतःचंच एमकॅप नावाचं कॉइन देण्यात आल्याचा आरोप आहे. मुख्य आरोपी अमित भारद्वाजला पुणे पोलिसांनी एप्रिल २०१८ मध्ये अटक केली. जानेवारी २०२२ मध्ये त्याचा मृत्यू झाला. डिसेंबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने देशभरातले गुन्हे सीबीआयकडे दिले. फेब्रुवारी २०२५ मध्ये सीबीआयने ६० हून जास्त ठिकाणी छापे टाकले, त्यात पुणे, नांदेड आणि कोल्हापूरही होतं.

वरचा हिशेब डोक्यात असेल तर ही योजना ऐकतानाच शंका यायला हवी. मायनिंगची कमाई भाव, स्पर्धा आणि वीजदर यांवर रोज बदलते. त्यातून दरमहा ठरावीक १० टक्क्यांची हमी कोण देऊ शकेल?

मोबाईल मायनिंग ॲपचंही तेच. गुगलने जुलै २०१८ पासून फोनवर मायनिंग करणाऱ्या ॲपना प्ले स्टोअरवर मनाई केली आहे. त्यामुळे तिथलं एखादं ॲप ‘तुमचा फोन कॉइन काढतोय’ म्हणत असेल, तर स्क्रीनवर वाढणारा आकडा हा फक्त आकडा आहे. काढून घ्यायला गेलं की ‘आधी फी भरा’ असा मेसेज येतो.

व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामवर आलेलं ‘फ्री मायनर’ सॉफ्टवेअर तर टाकूच नका. अपडेट बंद झालेला पीसी, वर अँटिव्हायरस बंद करायला सांगणारी फाईल! कष्ट तुमच्या पीसीचे, बिल तुमचं आणि कॉइन भलत्याच्या वॉलेटमध्ये, असाही प्रकार होतो. शनी शिंगणापुरात घराला दार नसलं तरी चालतं. वॉलेटच्या गुप्त शब्दांना मात्र कडी-कोयंडा हवाच, ते शब्द कोणालाही सांगायचे नाहीत.

फसवणूक झालीच असेल तर लगेच १९३० वर फोन करा किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणं अवघड.

मग जुन्या पीसीचं करायचं काय?

ब्लॉकचेन कसं चालतं हे शिकायचं असेल, तर अधिकृत साइटवरून मोनेरोचं सॉफ्टवेअर घ्या आणि एक संध्याकाळ चालवून बघा. पाच-सहा रुपयांच्या विजेत चांगला धडा मिळेल. कमाई म्हणून मात्र नको.

त्याच पीसीवर लिनक्स मिंटसारखी मोफत सिस्टीम टाकली, तर टायपिंग, ऑनलाइन फॉर्म, मुलांचा अभ्यास, कोडिंगची सुरुवात ही कामं आरामात होतात. रॅम वाढवून साध्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसवली, तर तोच डबा आणखी काही वर्षं चालतो. विकायचा असेल तर आधी डिस्कवरची माहिती पुसा. अगदीच मेलेला असेल तर अधिकृत ई-कचरा केंद्रात द्या.

आणि पुढच्या वेळी ‘झोपेत कमवा’ असं रील आलं, तर कॉमेंटमध्ये एकच प्रश्न विचारा: दादा, वीजबिलाचा फोटो टाकता का?