घशात काही अडकलं नव्हतं

कर्जतहून कोंडिवड्याच्या रस्त्याने गेलं की लेण्यांचं कोंडाणे लागतं. तिथल्या एका गोठ्यात गुरांचा डॉक्टर म्हणून मला बोलावणं आलं, ऐन आंब्याच्या दिवसांत. गाय दोन दिवस वैरणीला तोंड लावत नव्हती. लाळेच्या तारा लोंबत होत्या आणि घोगऱ्या आवाजात ती सारखी हंबरत होती.

"डॉक्टर, घशात बाठा अडकलाय. मी हात घालून बघितला, पण लागत नाही," मालक म्हणाले.

गाय राहिली बाजूला, मी आधी त्यांचा हात पाहिला. मनगटाजवळ ओरखडे होते.

कुत्रं चावलं होतं का, असं विचारल्यावर मालकीणबाईंना आठवलं. महिन्यापूर्वी चरायला गेलेल्या गुरांत एक परकं कुत्रं शिरलं होतं. गाईच्या नाकाडाला जरासं रक्त आलं, त्यांनी हळद लावली आणि विसरून गेल्या.

बहुतेक विषाणू आपापलं घर धरून असतात. गुरांची बुळकांडी, जी 2011 मध्ये जगातून संपल्याचं जाहीर झालं, आणि कुत्र्यांचा डिस्टेंपर यांचे विषाणू भाऊबंदच. तरी कुत्र्याच्या डिस्टेंपरने गाय आजारी पडत नाही. रेबीजला असलं सोवळं नाही. कुत्रा, गाय, म्हैस, शेळी, माणूस, कोणीही चालतं. लाळेतून जखमेत शिरलेला हा विषाणू मज्जातंतूंच्या वाटेने मेंदू गाठतो. त्याला कित्येक आठवडे, कधी महिनेही लागतात, म्हणून चावा आणि आजार यांची सांगड कोणी घालत नाही. मेंदूतून तो लाळेत उतरतो. तोवर घशाचे स्नायू लुळे पडतात, गिळता येत नाही आणि लाळ बाहेर गळते. लाळ्या-खुरकुतातही लाळ गळते, पण तिथे तोंडात आणि खुरांत फोड दिसतात.

गाय सहसा चावत नाही. माणूसच तिच्या तोंडात हात घालतो.

मालकांचा हात साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुतला आणि त्यांना लगेच सरकारी रुग्णालयात पाठवलं, लस आणि सीरम दोन्हींसाठी. लक्षणं दिसू लागल्यावर माणसालाही जवळजवळ कधीच वाचवता येत नाही. त्याआधी लस वाचवते. गाईलाही चावल्या दिवसापासून लशीचा क्रम सुरू केला असता तर आशा होती. चौथ्या दिवशी ती गेली. खोल खड्डा खणून पुरली.

आजीबाईंना घोर नातवाचा. त्याने त्याच गाईचं दूध प्यायलं होतं. उकळलेल्या दुधात हा विषाणू टिकत नाही, पण संशय आल्यापासून ते दूध घरात घेऊच नये, असं त्यांना सांगितलं.

मालकांनी सगळी इंजेक्शनं घेतली. पावसाळ्यानंतर ते दवाखान्यात आले, तेव्हा घरची दोन कुत्री दोरीला बांधून लशीसाठी आणली होती.